ग्लेन कोची खाचाखाचांची धार : दोघा भावांनी ती कधी आणि कशी करावी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : एडिनबरात राहता, सह्याद्रीत पन्नासेक किल्ले पाहून झालेत, हरिहर आणि अलंग-मदन-कुलंगही झालंय. ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून धाकटा भाऊ येतोय आणि दोघांनी मिळून स्कॉटलंडच्या ग्लेन को दरीतली ऊनख एगखची धार एका दिवसात करायची इच्छा आहे. दोर न्यावा का, वेळ किती लागेल, उतरायचं कुठून, आणि मुळात आपल्याला झेपेल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

चढायला नक्की झेपेल. उतरायला झेपेल का, ते मात्र तुमच्या मजकुरावरून मला कळलं नाही, आणि या धारेवर खरी परीक्षा उतरण्याचीच आहे. गेली सोळा वर्षं मी ग्लासगोत राहते. ही धार अकरा वेळा केली आहे आणि पाच वेळा पायथ्यापासून किंवा पहिल्या शिखरावरून परत फिरले आहे. त्या अनुभवावरून सांगते.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणा. ए-८२ रस्ता ग्लेन कोच्या दरीतून पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या दक्षिणेला ‘तीन बहिणी’ म्हणतात त्या सोंडा आणि त्यांच्या मागे १,१५० मीटरचा बिजन नम बिअन. उत्तरेला, रस्त्यावरून मान वर करून पाहावी लागते अशी जी करवतीसारखी भिंत आहे, ती ऊनख एगख. गेलिक भाषेत अर्थ साधारण ‘खाचा पडलेली धार’. पूर्वेकडून पश्चिमेकडे तिच्यावर चार माथे येतात : अम बोदाख (९४३ मीटर), मेल जेरग (९५३), स्टोब कोर्या ले (९४०) आणि स्गोर नम फिआनी (९६७). पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अंतर सुमारे ३ किलोमीटर. उंचीचे आकडे पाहून कळसूबाईच्या १,६४६ मीटरशी तुलना करू नका. इथे गाडी लावता ती जागा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरवर असते, आणि दोन किलोमीटरही न चालता तुम्ही अम बोदाखवर, म्हणजे जवळजवळ ८०० मीटर वर पोचता.

इथे कातळावर हात लावून चालण्याच्या वाटांना १ ते ३ अशा श्रेणी देतात. ही धार दुसऱ्या श्रेणीत मोडते. एकेका टप्प्याची अवघडाई पाहिली तर तुम्ही सह्याद्रीत याहून कठीण काही केलेलं आहे. पण अम बोदाखवरून पहिला टप्पा उतरलात की थेट स्टोब कोर्या लेपर्यंत धारेवरून बाजूला पडायला एकही भरवशाची वाट नाही. दक्षिणेच्या घळी वरून गवताळ आणि सौम्य दिसतात, खाली जाऊन त्या कड्यात तुटतात. रस्ता इतका जवळ दिसतो, त्यावरच्या गाड्यांचे रंगही ओळखू येतात, आणि थकलेल्या माणसाला तिथूनच उतरावंसं वाटतं. अपघातांची ही जुनी जागा आहे. धार सुरू केली की पूर्ण करायची किंवा आल्या वाटेने मागे यायचं, तिसरा पर्याय धरूच नका.

आता उतरण्याकडे येते. अलंग आणि मदनचे कातळटप्पे तुम्ही वरून बिले (पडलात तर दोराने सावरणारा माणूस) असताना चढलात आणि रॅपल करून, म्हणजे दोरावर भार टाकून सरकत, उतरलात. जवळजवळ सगळेच तसं करतात. हरिहरला तुम्ही कातळाकडे तोंड करून उतरलात खरे, पण त्या पायऱ्यांना हात धरायला खोबण्या कोरलेल्या आहेत. ऊनख एगखवर कोरलेलं, ठोकलेलं, रंगवलेलं काही नाही. रेलिंग नाही, साखळी नाही, दिशेचे बाण नाहीत. इथल्या डोंगरी लोकांना ती तशीच राहावी असं मनापासून वाटतं, आणि मलाही वाटतं. म्हणजे दोराशिवाय, खालचा पाय न दिसता, वरच्या पकडीवर शरीर तोलून खालची जागा बुटाच्या टोकाने शोधायची, हे काम तुम्ही सलग कधीच केलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे. या धारेवर ते किमान तीनदा करावं लागतं.

पहिल्यांदा अम बोदाखवरून उतरताना. माथ्यावर पाठपिशवी टाकून लोक फोटो काढतात, आणि दहा पावलांवर वाट अचानक संपल्यासारखी वाटते. खाली पंधरा-वीस मीटरचा टप्पा. पकडी मोठ्या आहेत, पण हजारो बुटांनी आणि हिवाळ्यात बर्फासाठी बुटांना बांधतात त्या क्रॅम्पॉनच्या खिळ्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या. त्याच ओरखड्यांवरून वाट ओळखायची. कातळाकडे तोंड करा, पोट दगडापासून दूर ठेवा म्हणजे पाय दिसतील, आणि एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा. नवशिके छाती दगडाला चिकटवतात. त्याने बूट बाहेर सरकतो. भाऊ खाली उतरत असेल तेव्हा तुम्ही त्याच्या बरोबर वर उभे राहू नका. बाजूला थांबा, सुटा दगड तुमच्या पायाने जाऊ नये म्हणून.

हा टप्पा म्हणजे दिवसाचा निर्णय आहे. मी माझ्याबरोबर आलेल्यांना इथेच सांगते : हा टप्पा उतरताना हातपाय थरथरले, किंवा दरीकडे बघून दृष्टिभयाने डोकं बधिर झालं, तर लगेच पुन्हा वर चढा आणि आल्या वाटेने खाली जा. पुढे यापेक्षा अवघड उतरणं आहे आणि तेव्हा मागचा हा टप्पा परत चढायची ताकद उरलेली नसते. एका वर्षी माझी एक मैत्रीण इथून परत फिरली. वाईट वाटून घेतलं तिने. पुढच्या वर्षी तयारी करून आली आणि पूर्ण धार माझ्या पुढे राहून केली.

अम बोदाख ते मेल जेरग हा भाग छान चालण्याचा आहे. डाव्या हाताला ट्रायख्तनचं छोटं तळं, उजवीकडे मामोरची रांग आणि तिच्या मागे १,३४५ मीटरचा बेन नेव्हिस. मेल जेरगच्या माथ्यावर दगडांची रास आहे. स्कॉटलंडमधल्या ३,००० फुटांवरच्या डोंगरांची पहिली यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये छापली. आज अशा ‘मन्रों’ची संख्या २८२ आहे आणि या धारेवर त्यातले दोन येतात, मेल जेरग आणि स्गोर नम फिआनी. ती यादी पहिल्यांदा पूर्ण करण्याचा मान ज्यांना दिला जातो ते पाद्री ए. ई. रॉबर्टसन १९०१ मध्ये आपल्या शेवटच्या शिखरावर आले, ते हेच. त्यांनी आधी दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग बायकोचं, असं सांगतात. मी दर वेळी तिथे पाच मिनिटं बसते. तुम्हीही बसा, खा, पाणी प्या, कारण यापुढे दीड-दोन तास निवांत बसायला जागा नाही.

मेल जेरगच्या पश्चिमेला जुन्या कुंपणाचे लोखंडी खांब दिसतात. तिथून धार अरुंद होत जाते आणि दुसरं मोठं उतरणं येतं : एका उभ्या, धुराच्या चिमणीसारख्या अरुंद बेचक्यातून खाली खिंडीत. इथेच गर्दी साचते. मागच्यांचं दडपण येऊ देऊ नका, हवं तर त्यांना पुढे जाऊ द्या. खिंडीतून परत वर चढलात की सुळक्यांचा भाग सुरू होतो. दोन्हीकडे दरी आणि मधे एकामागोमाग उभे दगड, काही ठिकाणी जेमतेम पाऊल टेकेल एवढी रुंदी. चढाई म्हणून हे सोपं आहे. हाताखाली सगळीकडे भरपूर पकड आहे. घाबरवते ती उघडी हवा. इथे मी एकच गोष्ट करते : नजर पुढच्या तीन पावलांवर ठेवते आणि दरी बघायची असेल तर आधी थांबते, दोन्ही हात दगडाला लावते, मग बघते. चालता चालता बघत नाही. सुळके वळसा घालून टाळायचा मोहही आवरा. धारेच्या कडेने जाणाऱ्या पुसट पाऊलवाटा बऱ्याचदा भुसभुशीत घसाऱ्यावर नेऊन सोडतात. शंका आली की माथ्यावरच राहा, तिथला दगड घट्ट आहे.

दगडाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सगळं ज्वालामुखीचं काम आहे, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचं. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे कोवळाच. जमिनीचा गोलाकार तुकडा भेगांवरून खचून खालच्या शिलारसात बसतो, ही प्रक्रिया क्लफ, मॉफ आणि बेली या तिघा भूशास्त्रज्ञांनी १९०९ साली याच ग्लेन कोच्या अभ्यासातून मांडली. आपल्यासाठी कामाचं एवढंच की कोरडा असताना हा कातळ बुटाला उत्तम धरतो आणि ओला झाला की दगडफुलामुळे आणि घासलेपणामुळे साबणासारखा होतो. श्रावणातला शेवाळलेला कातळ तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. धार ओली असेल तर ती करू नका.

दोराचं उत्तर. तुमच्यापैकी एकाला तरी दगडाच्या शिंगाला, म्हणजे वर आलेल्या टोकाला, स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) घालून बिले देता येत असेल, तर ३० मीटरचा दोर, तीन-चार लांब स्लिंग, चार लॉकिंग कॅराबिनर (कुलूपबंद होणाऱ्या कड्या) आणि दोन हार्नेस (कमरेचे पट्टे) न्या. अम बोदाखच्या आणि चिमणीच्या उतरणीवर धाकट्याला वरून बिले देता येईल. शिंगं जागोजागी आहेत. पण मग शेवटी उतरणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, वरून दोर नसतो हे लक्षात ठेवा. जो उतरण्यात पक्का तो शेवटी. आणि काहीही झालं तरी दोघांनी एकमेकांना बांधून, मधे कुठेही दोर दगडाला न अडकवता, तसंच चालत राहायचं नाही. एक घसरला तर दुसराही जातो. दोराचं तंत्र येत नसेल तर दोर घरी ठेवा आणि एक दिवसासाठी माउंटनिअरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर ही पात्रता असलेला मार्गदर्शक घ्या. खर्च होईल. पण त्या एका दिवसात तुम्ही दोघं जे शिकाल ते पुढे दहा वर्षं पुरेल. हेल्मेट मात्र दोघांनाही हवंच, दोर असो वा नसो.

वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम इथे अजून वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. रस्त्यापासून ग्लेन को गावापर्यंत अंतर साधारण १० किलोमीटर आणि एकूण चढाई ११०० मीटरच्या आसपास धरा. नियमाने पावणेचार-चार तास होतात. प्रत्यक्षात पहिल्यांदा करणाऱ्या जोडीला सात ते नऊ तास लागतात, कारण नियमात कातळ उतरणं आणि पुढच्या गटामागे थांबणं धरलेलं नाही. ऑगस्टअखेर सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो. सकाळी आठला चालायला लागा, अकराच्या आत अम बोदाख, साडेबाराच्या आत मेल जेरग. मेल जेरगला दोन वाजले तर मी परत फिरते. एडिनबराहून पहाटे तीन तास गाडी चालवून येऊन लगेच धार करायला जाऊ नका, आदल्या रात्री ग्लेन कोमध्येच राहा. गाडी शेवटाकडे, गावात ठेवा आणि सकाळी टॅक्सीने सुरुवातीच्या जागी जा. संध्याकाळी दमलेल्या पायांनी त्या वेगवान रस्त्याच्या कडेने आठेक किलोमीटर चालणं धोक्याचं आहे.

आणि तिसरं उतरणं, ज्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते. स्गोर नम फिआनीवर पोचलात की धार संपते, जीव सैल पडतो, आणि समोर थेट खाली क्लाखेगची खाणावळ दिसते. क्लाखेग घळीच्या काठाने तिकडे जाणारी एक वाट आहे. ती घेऊ नका. दुसऱ्या वर्षी मी ती घेतली होती. सगळा उतार मुरमाड, खाली घळीचा कडा, आणि निम्म्यावर आल्यावर मागच्या सोबत्याच्या पायाखालून डोक्याएवढा दगड सुटला. माझ्या खांद्याला चाटून तो घळीत गेला आणि तळाला आदळल्याचा आवाज किती तरी वेळाने आला. खांदा आठवडाभर सुजला होता, तरी मी सुटले असंच मानते. त्या काठावर माणसं मेलेली आहेत. दक्षिणेकडे तळ्याच्या दिशेने उतरणारा दुसरा घसाराही गुडघे मोडणारा आहे, तोही नको.

चांगली वाट लांबची आहे. माथ्यावरून वायव्येला, ७४२ मीटरच्या ‘पॅप ऑफ ग्लेन को’ या टोकदार डोंगराच्या खिंडीकडे उतरा. सुरुवातीला दगडांचा उतार आहे, मग गवत. खिंडीतून मळलेली वाट गावाजवळच्या छोट्या रस्त्याला लागते. तासभर जास्त जातो. तो तास सकाळीच हिशोबात धरून ठेवा, म्हणजे माथ्यावर घाई होणार नाही.

हवामानासाठी ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा वेस्ट हायलँड्सचा अंदाज आदल्या संध्याकाळी वाचा, शहराचा अंदाज उपयोगाचा नाही. वारा ताशी मैलांत दिलेला असतो. माथ्यावर २५ मैलांपेक्षा जास्त असेल तर मी सुळक्यांवर जात नाही. दरीत १२ अंश असताना वर ६-७ अंश असतं आणि वाऱ्यात ते शून्यासारखं लागतं. ऑगस्टमध्येही गरम टोपी, हातमोजे, पूर्ण वॉटरप्रूफ आणि एक जादा उबदार जाकीट प्रत्येकाच्या पिशवीत हवं. धारेवर पाणी नाही, दोन-दोन लिटर घ्या. गुळपोळी किंवा शेंगदाण्याची चिक्की हातमोजे न काढता खाता येते, म्हणून मी तीच नेते. हेडलॅम्प, शिट्टी, कागदी नकाशा, होकायंत्र. मदत लागली तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ग्लेन कोचं बचाव पथक स्वयंसेवकांचं आहे आणि पैसे घेत नाही. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ९९९ ला एसएमएस पाठवण्याची सोय आधी नोंदणी केली तरच चालते, ती आजच करून ठेवा.

आता तयारी, कारण तुमच्याकडे अजून अडीच महिने आहेत. तुम्ही जूनमध्ये कार्न मोर जेरगहून बेन नेव्हिसला जाणारी कमानदार धार करा. पहिल्या श्रेणीची, लांब, पण साधी. उघड्या हवेची सवय होईल. जुलैत ग्लेन शीलमध्ये ‘सॅडल’ या १,०१० मीटरच्या डोंगराची फोर्कन धार करा. ती दुसऱ्या श्रेणीची आहे आणि तिच्यात नेमकं हवं ते आहे : स्गूर नन फोर्कनच्या माथ्यावरून सुमारे २५ मीटरचं उभं उतरणं. फरक इतकाच की तिथे सोपी वाट बाजूने काढता येते, म्हणजे जमलं नाही तरी अडकत नाही. तो टप्पा उतरा, परत चढा, परत उतरा. तीनदा.

भावाला पुण्यात पावसाळ्यात कातळावर पाठवू नका. कृत्रिम भिंतीवर जाऊ दे, आणि त्याला एवढंच सांगा की वर पोचल्यावर दोरावर बसून खाली यायचं नाही. सोपी वाट निवडायची आणि प्रत्येक चढाई हातापायांनी उतरून संपवायची, बिले चालू ठेवून. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. त्याने येताना वापरून मऊ झालेले, कडक तळव्याचे बूट आणावेत, इथे येऊन नवे घेऊ नयेत. आणि आल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धार ठरवू नका. आधी एखादा छोटा डोंगर करून त्याचं उतरणं तुम्ही खालून उभे राहून बघा.

ठरवलेल्या दिवशी पाऊस असेल तर समोरच्या अंगाला कोर्या गेलच्या लपलेल्या दरीत जा. ग्लेन कोमधले मॅकडोनाल्ड कुळातले लोक पूर्वी पळवून आणलेली गुरं तिथे दडवत असत. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की ढग हलले तर ऊनख एगखची धार समोर दिसते, आणि भावाला कुठून कुठे जायचं ते बोटाने दाखवता येतं.

फोर्कनचं उतरणं झालं की मला कळवा : तीनही वेळा किती वेळ लागला, कुठे अडलात, तिसऱ्या वेळी पाय शोधताना हात थरथरत होते की नाही. त्यावरून दोर, मार्गदर्शक आणि तारीख ठरवू.